पत्र पावले, मजकूर कळला

मराठी दप्तरातील जुनी पत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांच्या ध्यानी एक गोष्ट सहज आली असेल. मायना आटोपला, क्षेमकुशल विचारून झाले, की पत्र लिहिणारा एकदम आपले म्हणणे मांडू लागत नाही. आपण पाठविलेले पत्र पावले, त्यातील मजकूर कळला, एवढे तो आधी लिहितो आणि मगच आपल्या गोष्टीकडे वळतो. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे म्हणून तो लेखणी आवरती घेतो. आपण या दोन्ही वाक्यांकडे जुन्या काळचा शिष्टाचार म्हणून पाहतो. वस्तुतः त्यांत मोठा व्यवहार दडलेला आहे. पहिले वाक्य ही पोच होय आणि दुसरे वाक्य ही काटकसर होय. दूर असलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलावयाचे असेल, तर पोच दिल्यावाचून चालत नाही. आणि पोच देण्यातच सारी शक्ती खर्ची पडली, तर बोलावयाचे राहूनच जाते. या पेचातून माणसाने वेळोवेळी वाट कशी काढली, जासुदांच्या जोडीपासून आजच्या बिनतारी यंत्रांपर्यंत ही वाट कशी आली, हे आजच्या भाषणात पाहावयाचे आहे.

आपले इंदूर या कथेच्या वाटेवरच वसलेले आहे. पुण्याहून दिल्लीकडे जाणारा निरोप नर्मदा ओलांडून माळव्यातूनच जावयाचा. कागद नेणारे जासूद बहुधा जोडीने धावत. एकास वाटेत दगाफटका झाला तर दुसऱ्याने पुढे जावे, हा हेतू. पत्र फारच महत्त्वाचे असेल तर त्याच मजकुराची दुसरी प्रत निराळ्या वाटेने रवाना करीत. डाकेचे टप्पे बसविलेले असले, म्हणजे एका टप्प्याचा माणूस दमण्यापूर्वीच कागद ताज्या माणसाच्या हाती जाई. इंग्रजीतील ‘रिले’ हा शब्दही मुळात असाच, वाटेत बदलून घ्यावयाच्या ताज्या जनावरांवरून आलेला आहे. म्हणजे मध्यस्थाच्या साहाय्याने निरोप पुढे सरकविणे ही काही विजेच्या युगाने शोधून काढलेली युक्ती नव्हे.

परंतु टप्पे वाढले की एक नवी अडचण उभी राहते. पाठविणाऱ्यास आपला निरोप कोठवर गेला हे कळत नाही. ते कळावे म्हणून प्रत्येक टप्प्याने उलट निरोप धाडावयाचा म्हटले, तर जितके जासूद पुढे धावतील तितकेच मागे धावू लागतील. म्हणून जुन्यांनी सोपा मार्ग पत्करला. निराळा पोचेचा जासूद न धाडता, पोच पुढच्या पत्रातच घालावयाची. ज्या माणसास नाही तरी जावयाचेच आहे, त्याच्याच थैलीत पोच गेली म्हणजे तिचा वेगळा खर्च उरत नाही. आजची संगणकयंत्रे एकमेकांशी बोलताना हीच रीत पाळतात. माहितीच्या ज्या पुडक्यास उलट दिशेने जावयाचेच असते, त्याच्या पाठीवर पोच बसवून दिली जाते. ‘पत्र पावले, मजकूर कळला’ या वाक्याचे हे आजचे रूप होय.

उलट निरोप मुळीच न मिळाल्यास काय होते, याचे जळजळीत उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. १७६० च्या ऑक्टोबर महिन्यात अहमदशहा अब्दालीने यमुना ओलांडली आणि तो सदाशिवरावभाऊंचे सैन्य व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. त्यामुळे रसद तर तुटलीच, पण कागदाची वाटही जवळजवळ बुजली. नानासाहेब पेशवे दक्षिणेतून उत्तरेकडे निघाले होते; परंतु पानिपतावर काय चालले आहे याची नीट वार्ता त्यांस मिळेना. १४ जानेवारी १७६१ रोजी सारे संपले. त्यानंतर दहा दिवसांनी, २४ जानेवारीच्या सुमारास, पेशव्यांचा मुक्काम भेलसा येथे, म्हणजे आजच्या विदिशेजवळ असताना, एका सावकाराच्या जासुदाजवळचे पत्र त्यांच्या हाती आले. पत्र हुंडीवाल्यांच्या भाषेत होते. त्यात दोन मोती गळल्याचा, सत्तावीस मोहरा गमावल्याचा आणि रुपये व खुर्दा किती गेला याची मोजदादच नसल्याचा उल्लेख होता. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, हे उलगडावयास कोणा पंडिताची गरज भासली नाही.

या पत्राकडे आपण नेहमी शोकाच्या दृष्टीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु निरोपाच्या शास्त्राच्या दृष्टीनेही ते एकदा पाहावे. एका अफाट लढाईचा निकाल त्या सावकाराने बोटांवर मोजता येतील एवढ्या शब्दांत बसविला. त्याने कोण कोठे पडला, कोणाचा हत्ती कोठे वळला, यांतले काही लिहिले नाही. ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्यास निर्णयापुरते जे लागते, तेवढेच लिहिले. आणि हे साधले, कारण मोती, मोहरा व खुर्दा यांची उतरंड लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून एकच होती. शब्द थोडे लागले ते सामाईक समजूत मोठी होती म्हणून. पुढे आपण ज्या आधुनिक युक्तीकडे जाणार आहोत तिचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि पुढे कंपनी सरकारने त्याच्याच हाती हिंदुस्थानातील तारांचे काम सोपविले. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला. आग्र्याहून मुंबईकडे जी तार ओढली गेली ती ग्वाल्हेर आणि इंदूर या मार्गाने. १८५५ च्या फेब्रुवारीत ही तार सर्वसामान्य लोकांस खुली झाली. चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांस एक रुपया, असा दर होता. त्या काळचा रुपया लक्षात घेता, प्रत्येक शब्द तोलून लिहावा लागे हे सांगावयास नको.

मुंबईहून कलकत्त्यास निघालेला संदेश त्या काळी एका दमात पोहोचत नसे. लांब तारेत विजेचा प्रवाह क्षीण होई. म्हणून मधल्या ठाण्यावर बसलेला माणूस संदेश उतरवून घेई आणि पुन्हा नव्या जोमाने पुढच्या ठाण्यास धाडी. जासुदाची जागा तारबाबूने घेतली एवढेच. टप्पे कायम राहिले. मात्र एक फरक पडला. जासूद थैली जशीच्या तशी पुढे देत असे. तारबाबू मजकूर पुन्हा लिहीत असे, आणि जेथे पुन्हा लिहिणे आले तेथे चूक आली. एका ठाण्यावरची चूक पुढच्या ठाण्यास खरीच वाटे, आणि ती तशीच निमूटपणे पुढे जाई.

चूक धरण्याचा उपाय सर्वांस ठाऊक होता. घेणाऱ्याने संदेश उलट वाचून दाखवावा आणि धाडणाऱ्याने तो पडताळावा. परंतु असे केले की तार दुप्पट वेळ अडून राहते. म्हणून अमेरिकेतील वेस्टर्न युनियन कंपनीने नियम केला होता, की पडताळलेला संदेश हवा असेल तर निम्मे दाम अधिक मोजावे. हे अधिक दाम वाचविण्याच्या पायी फ्रँक प्रिमरोज नावाच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्यावर जो प्रसंग आला तो अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत अमर झाला आहे. १८८७ च्या जून महिन्यात त्याने फिलाडेल्फियाहून आपल्या कॅन्ससमधील आडत्यास सांकेतिक भाषेत तार केली. तीत ‘बे’ असा एक शब्द होता; त्यांच्या संकेतानुसार त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’ असा. मधल्या टप्प्यांत कोठेतरी एक बिंदू अधिक वाजला आणि ‘बे’ चा ‘बाय’ झाला, म्हणजे ‘खरेदी कर’. आडत्याने इमानाने लोकर खरेदी करण्याचा सपाटा लावला. प्रिमरोज वीस हजार डॉलरांहून अधिक रकमेस बुडाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ साली निकाल लागला, की तुम्ही संदेश पडताळून घेतला नव्हता, म्हणून तारेचे जे दाम भरले तेवढेच परत मागता येईल. ते दाम होते एक डॉलर पंधरा सेंट.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रिमरोजने पोचेचा खर्च वाचविला आणि त्याचे घर बुडाले. मग प्रत्येक संदेश उलट वाचावा काय? तसे केले असते तर सबंध देशाच्या तारा निम्म्या वेळ केवळ पडताळणीत गुंतल्या असत्या आणि शेकडो दुसरे संदेश खोळंबले असते. तेव्हा पोच हवी की नको, हा प्रश्नच नव्हे. किती हवी, कोणी द्यावी, केव्हा द्यावी आणि किती शब्दांत द्यावी, हे खरे प्रश्न होत.

किती शब्दांत द्यावी, याचे उत्तर आपल्या डाक-तार खात्याने फार सुबकपणे दिले होते. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते चांगले आठवते. लग्नकार्यास जाणे झाले नाही की शुभेच्छांची तार करीत. खात्याने ठरीव वाक्यांची यादी छापलेली असे: दिवाळीच्या शुभेच्छांस एक आकडा, नववर्षास दुसरा, परीक्षेतील यशास तिसरा, नवदांपत्यास आशीर्वादाचा आणखी एक. तारघरात जाऊन आकडा सांगावयाचा. तारेवरून केवळ आकडा जाई. पलीकडचा बाबू यादीत पाहून पूर्ण वाक्य लिही. आणि मांडवात तार वाचून दाखविली जाई ती भरघोस आशीर्वादाची. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. परंतु तिची ही युक्ती बंद झालेली नाही. ती आपल्या खिशातील फोनमध्ये जाऊन बसली आहे. कशी, ते पुढे येईलच.

कोणी द्यावी आणि केव्हा द्यावी, हे मला पुस्तकातून कळण्यापूर्वी एका सहलीत कळले. काही वर्षांपूर्वी शाळेतील साठ मुले घेऊन आम्ही चौघे शिक्षक महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर गेलो होतो. पायवाट अरुंद, मुलांची रांग लांब. पुढच्या शिक्षकास मागची मुले दिसेनात. म्हणून ठरले, की प्रत्येक गटनायकाने थोड्याथोड्या वेळाने ‘आमचे सारे आहेत’ असे ओरडून सांगावे आणि मधल्या शिक्षकाने ते पुढे पोहोचवावे. पहिल्या दहा मिनिटांतच असा गलका झाला की कोणाचे काय चालले आहे ते कोणासच ऐकू येईना. मग नियम फिरविला: कोणी हरवले तरच शिटी वाजवावयाची, एरवी गप्प राहावयाचे. टेकडी एकदम शांत झाली आणि आम्ही आमच्या हुशारीवर खूश झालो.

अर्ध्या तासाने वर पोहोचून मोजणी केली, तेव्हा एक मुलगा कमी भरला. सर्वांत मागच्या गटाचा नायक, ज्याच्या गळ्यात शिटी होती, तोच चपलेचा पट्टा तुटून मागे बसला होता. आणि शिटीचा आवाज वाऱ्याने आमच्यापर्यंत आणला नव्हता. मुलगा सुखरूप होता, परंतु त्याला शोधीत खाली उतरताना माझ्या छातीत जी धडधड झाली ती मी विसरलो नाही. मौन हीसुद्धा पोचच आहे. पण मौनाचे दोन अर्थ होऊ शकतात. ‘सर्व ठीक आहे’ हा एक, आणि ‘सांगणाराच उरला नाही’ हा दुसरा. उतरताना आम्ही तिसरा नियम केला: एरवी शांतता, परंतु शेवटच्या मुलाने दर पाच मिनिटांनी एक छोटी शिटी द्यावी. बोलणे कमीत कमी, पण शून्य नव्हे.

आमच्यासारख्या शिक्षकांनी टेकडीवर जे शोधले, ते बिनतारी संदेशाच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच शोधून ठेवले होते. नेदरलँडचे अभियंते व्हान ड्यूरेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दूरमुद्रणासाठी एक पद्धत बसविली. प्रत्येक अक्षरास सात खुणा, आणि त्यांपैकी नेमक्या तीन एका प्रकारच्या. तीन भरल्या नाहीत की यंत्रास आपोआप कळावे, हे अक्षर बिघडले आहे. आणि यंत्रानेच ते पुन्हा मागावे. संपूर्ण संदेश उलट वाचण्याऐवजी ‘बरोबर’ की ‘पुन्हा’ एवढाच उलट निरोप पुरला. प्रिमरोजला हे यंत्र मिळते तर त्याचे वीस हजार वाचले असते.

पोचेचे नेमके मोल काय, हे गणिताने मोजण्याचे कार्य क्लॉड शॅनन यांनी केले. १९५६ साली त्यांनी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सिद्ध केली. ज्या मार्गावरील गोंगाटास आठवण नसते, म्हणजे या क्षणाच्या गोंगाटाचा मागच्या क्षणाशी संबंध नसतो, अशा मार्गावर कितीही उलट निरोप मिळाला तरी संदेश नेण्याची अंतिम मर्यादा वाढत नाही. मग पोचेचा उपयोग काय? उपयोग हा, की त्याच मर्यादेजवळ पोहोचण्यास लागणारे कष्ट पोचेमुळे पुष्कळ कमी होतात. आणि मार्ग जर सतत बदलणारा असेल, अनेक वाटांतून एक निवडावयाची असेल, तर कोणती वाट आता चांगली आहे हे कळण्यातच सारा लाभ असतो.

मध्यस्थ ठाण्याचे गणित त्यानंतर आले. १९७१ साली व्हान डेर म्यूलेन यांनी प्रेषक, मध्यस्थ आणि ग्राहक या त्रयीचा प्रश्न मांडला आणि १९७९ साली टॉमस कव्हर व अब्बास अल गमाल यांनी त्यावर मूलभूत सिद्धांत दिले. आपल्याला ‘रिले’ हा शब्द नभोवाणीमुळे परिचित आहे. १९५५ साली सुरू झालेल्या आपल्या इंदूर केंद्रावरून दिल्लीच्या बातम्या ऐकताना आपण ‘रिले’च ऐकत असतो. परंतु नभोवाणी एकतर्फी बोलते. तिला श्रोत्यांच्या पोचेची त्या क्षणी गरज नसते. फोनचे तसे नाही.

बिनतारी लहर इमारतींवर आपटत, वळत, विखुरत येते. तिच्या अनेक वाटा ग्राहकापाशी एकत्र येतात, कधी एकमेकींस साहाय्य करतात, कधी एकमेकींस मारतात. म्हणून प्रेषक आणि ग्राहक यांच्यामध्ये काही रिले ठेवले, तर एक वाट बुडाली तरी दुसरी तरते. जासुदांच्या दोन जोड्या निराळ्या वाटांनी धाडण्याचाच हा प्रकार. पण आता कोणता रिले चांगला, हे कळावे कसे?

थोडा हिशोब करू. समजा, मध्ये दहा रिले आहेत. प्रत्येकाच्या दोन वाटा: प्रेषकापासून त्याच्यापर्यंत एक आणि त्याच्यापासून ग्राहकापर्यंत दुसरी. एकूण वीस वाटा झाल्या. प्रत्येक वाटेचे वर्णन दोन संख्यांनी करावे लागते: लहर किती क्षीण झाली आणि तिची कला किती सरकली. प्रत्येक संख्येस आठ द्विमान अंक धरले तर एका वेळच्या संपूर्ण अहवालास ३२० अंक लागतात. हा अहवाल एकदा धाडून भागत नाही. दोन गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पंधरा सेंटिमीटर असते. फोन तिच्या निम्म्याने, म्हणजे साडेसात सेंटिमीटर सरकला की वाटेचे रूप पालटते. आग्रा-मुंबई रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत हे अंतर एका सेकंदाच्या हजार भागांपैकी साडेचार भागांत कापले जाते. म्हणजे सेकंदाला सुमारे २२० वेळा अहवाल हवा, आणि सेकंदाला सत्तर हजार अंक केवळ पोचेत जाणार. बोलावयाचे अद्याप सुरूच व्हावयाचे आहे! टेकडीवरचा गलका तो हाच.

परंतु निर्णय करावयाचा तो एवढाच असेल, की दहांपैकी कोणता रिले निवडावा, तर ग्राहकाने साऱ्या वाटांचे वर्णन धाडण्याचे कारण नाही. रिलेचा क्रमांक धाडला की पुरे. दहापर्यंतचा क्रमांक चार द्विमान अंकांत मावतो. सत्तर हजारांच्या जागी सेकंदाला आठशे ऐंशी अंक. सावकाराने लढाईचे वर्णन न लिहिता मोत्यांचा हिशोब लिहिला, त्याच जातीची ही काटकसर आहे.

एकाहून अधिक अँटेना किंवा रिले एकत्र राबवावयाचे असतील, तर प्रत्येकाने लहरीस किती ढकलावे हे सांगावे लागते आणि क्रमांकाने भागत नाही. तेथे लग्नाच्या तारेची युक्ती कामास येते. दोन्ही टोकांस एकच यादी आधीपासून असते. ग्राहक यादीतील जे कलम आपल्या स्थितीस सर्वांत जवळचे असेल त्याचा आकडा धाडतो. २००३ साली डेव्हिड लव्ह, रॉबर्ट हीथ आणि थॉमस स्ट्रोमर यांनी अशी यादी उत्तम रीतीने कशी रचावी याचे गणित मांडले. फोनच्या चौथ्या पिढीच्या व्यवस्थेत चार अँटेनांसाठी सोळा कलमांची यादी ठरलेली आहे. उलट जातो तो केवळ चार अंकांचा आकडा.

त्याहीपुढची पायरी म्हणजे सर्वांनी बोलूच नये. २००४ साली डेव्हिड गेस्बर्ट आणि मोहम्मद-स्लिम अलुइनी यांनी दाखविले, की ज्यांची स्थिती एका ठरीव पातळीच्या वर असेल त्यांनीच अहवाल द्यावा आणि इतरांनी गप्प राहावे, असा नियम केला तर पोचेचा भार पुष्कळ उतरतो आणि लाभ फारसा घटत नाही. त्याच वर्षी लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी रिलेबाबत असाच शहाणपणाचा नियम सुचविला: ग्राहकाने ‘ऐकू आले’ किंवा ‘आले नाही’ एवढा एकच अंक धाडावा, आणि ‘आले नाही’ म्हटले तरच रिलेने तोंड उघडावे.

परंतु मला सर्वांत मनोहर वाटते ती २००६ साली ब्लेट्सास, खिश्ती, रीड आणि लिपमन यांनी मांडलेली पद्धत. तीत रिलेंनी कोणास अहवालच द्यावयाचा नसतो. प्रेषक आणि ग्राहक यांच्या दोन छोट्या हाका ऐकून प्रत्येक रिले आपल्या दोन्ही वाटा स्वतःच अजमावतो आणि एक घड्याळ लावतो. वाटा जितक्या चांगल्या तितके घड्याळ अल्प. ज्याचे घड्याळ प्रथम संपते तो बोलू लागतो. त्याचे बोलणे ऐकताच इतर सारे गप्प बसतात. वर्गात प्रश्न विचारला की ज्या मुलास उत्तर पक्के ठाऊक आहे त्याचा हात सर्वांच्या आधी वर जातो, तसेच हे. शिक्षकाने प्रत्येकास ‘तुला किती येते?’ असे विचारीत बसावे लागत नाही. आणि गणित असे सांगते, की असा एकच उत्तम रिले निवडला तरीही संदेश बुडण्याचा धोका सर्व रिले एकत्र राबविल्याइतक्याच वेगाने घटतो.

या पद्धतींना मर्यादा आहेत, आणि त्या आपल्या इतिहासाने आधीच शिकविलेल्या आहेत. दोन घड्याळे एकाच क्षणी संपली तर दोन रिले एकदम बोलतात आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. ज्याला इतरांचे बोलणे ऐकूच येत नाही असा आडोशातील रिले मध्येच तोंड घालतो. यादीतील कलमे फार थोडी ठेवली तर ‘जवळचे’ कलमही प्रत्यक्षापासून दूर पडते. पोच येईपर्यंत वाट पालटली असेल, तर ती पोच भेलशास पोहोचलेल्या पत्रासारखी असते: खरी, पण निरुपयोगी. आणि मौनास अर्थ दिला की, शिटीवाला मुलगाच मागे राहिला तर काय, याचा विचार आधी करून ठेवावा लागतो.

हा साराच खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. शहरात मनोऱ्यांची दाटी आहे. तेथे थोडे अंक वाया गेले तर कोणाचे मोठेसे बिघडत नाही. परंतु निमाडच्या डोंगरातील एखाद्या पाड्याचा विचार करावा, जेथे दरीमुळे मनोऱ्याची लहर थेट पोहोचत नाही आणि टेकडीवरचा एक छोटा रिले सौर विजेवर काम करतो. त्याच्या बॅटरीत जेवढी शक्ती आहे तेवढीच आहे. ती पोच देण्यात संपली तर रात्री प्रसूतीसाठी गाडी बोलाविणाऱ्या घराचा आवाज वाटेतच विरेल. पूर आला, मनोरे कोसळले, की उरलेल्या मोजक्या ठाण्यांवर सर्वांचा भार येतो. आणि तेव्हा वाचविलेला एकेक अंक कोणाच्या तरी हाकेस जागा देतो. शास्त्रज्ञांनी फलकावर केलेली ही काटकसर अशा वेळी माणसाच्या कामी येते.

पेशव्यांना पानिपतावरून वार्ता मिळाली नाही म्हणून त्यांचे हात बांधले गेले. प्रिमरोजने वार्ता पडताळून घेतली नाही म्हणून तो बुडाला. आम्ही टेकडीवर आधी फार बोललो आणि मग फार गप्प बसलो. तिन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. पोच ही द्यावीच लागते. परंतु ती ज्याला निर्णय करावयाचा आहे त्याच्या गरजेपुरती, दोघांच्या सामाईक समजुतीच्या आधाराने आणि वेळेवर द्यावी. जुन्या कारकुनांनी हे केवळ अनुभवाने जाणले होते. प्रथम पत्र पावल्याचे सांगावे, मग कामाचे लिहावे, आणि समोरचा सुज्ञ आहे असा भरवसा ठेवून थांबावे.

बहुत काय लिहिणे?